एकाच हंडीतलं जेवण

आम्ही दोघी जावा. चूल एक, दस्तरख्वान एक. घर संगमेश्वरात, सोनवी नदीच्या बाजूला, बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. थोरलीचा नवरा कुवेतला असतो, धाकटीच्या नवऱ्याचं बाजारात दुकान आहे. रोज जेवायला सात माणसं: अब्बा, अम्मी, आम्ही दोघी, धाकटीचा नवरा आणि दोन मुलं. हा लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे, कारण त्यातली चूकही दोघींची आहे आणि शिकलोही दोघी एकत्रच.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर अब्बांना रात्री आडवं पडवेना. पाठीमागे दोन उशा झाल्या, तीन झाल्या, मग खुर्चीवर बसूनच रात्र जाऊ लागली. पायांवर सूज इतकी, की चप्पल काढली तरी पट्ट्याची खूण तशीच राही. रत्नागिरीला दाखल केलं तेव्हा कळलं, हृदयाचं पंपिंग कमी झालं आहे. आठवड्याने घरी सोडलं. कागदावर गोळ्यांची यादी होती आणि शेवटी एक ओळ: मीठ कमी.

कमी म्हणजे किती, हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. घरी आलो, अब्बांसाठी एक लहान पातेलं वेगळं काढलं आणि त्यात मीठ घालणंच बंद केलं. आमच्या हंडीत नेहमीसारखं सालन, त्यांच्या पातेल्यात अळणी. त्यांना आमचं बघून वाईट वाटू नये म्हणून त्यांना आधी जेवायला वाढायचो, एकट्यांना.

अब्बा काही बोलले नाहीत. जेवणाला नाव ठेवू नये, ही पैगंबरांची (स.) सुन्नत ते आयुष्यभर पाळत आले आहेत. अर्धी भाकरी खायचे, अल्हम्दुलिल्लाह म्हणायचे, हात धुवायचे. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची भूक कमी झाली असेल. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला तरी आम्ही तेच म्हणत राहिलो.

ऑगस्टमध्ये पुन्हा श्वास लागला, पुन्हा दाखल करावं लागलं. तेव्हा नातवाने रडत सांगितलं, की रोज असरनंतर आजोबा बाजारात भजी-पाव खातात आणि त्यांच्या कपाटात लोणच्याची बरणी आहे. ती बरणी त्यानेच आणून दिली होती. लेकरू बिचारं! आजोबांना भूक लागते, एवढंच त्याला कळत होतं.

या वेळी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि तीन प्रश्न विचारले. घरात मिठाचं पाकीट किती दिवस पुरतं? हे कुणाबरोबर जेवतात? आणि शेवटचं पोटभर कधी जेवले? पहिल्याचं उत्तर आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्याचं द्यायची लाज वाटली. तिसऱ्या प्रश्नाला आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

मीठ नेमकं करतं काय?

त्या बाईंनी जे समजावलं ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. मिठात साधारण चाळीस टक्के सोडियम असतं आणि सोडियम पाणी धरून ठेवतं. निरोगी माणसाची मूत्रपिंडं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय अशक्त झालं की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. त्यांना वाटतं, शरीरात पाणीच कमी आहे. मग ती मीठ आणि पाणी दोन्ही साठवू लागतात. ते पाणी पायांत उतरतं, पोटात साचतं, फुप्फुसांत जातं. आडवं पडल्यावर दम लागतो तो यामुळे. रक्तदाबही वाढतो आणि आधीच थकलेल्या हृदयावर ओझं पडतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते. हा आकडा धडधाकट माणसासाठीही आहे. अब्बांच्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी 2 ग्रॅम सोडियमचीच मर्यादा ठरवून दिली. तुमच्या घरातल्या रुग्णाचा आकडा वेगळा असू शकतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

अजिबात मीठ न देणं हा इलाज नाही, हेही तेव्हाच कळलं. 2022 साली सहा देशांतल्या सुमारे आठशे हृदयरुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काहींचं सोडियम दीड ग्रॅमच्या खाली आणायचा प्रयत्न केला होता. त्यामुळे मृत्यू किंवा दवाखान्याच्या फेऱ्या ठळकपणे कमी झाल्या नाहीत, मात्र रुग्णांना थोडं बरं वाटलं. म्हणजे मीठ आटोक्यात हवंच, पण ताट इतकं बेचव करू नये की माणूस जेवणच सोडेल. अब्बांचं वजन जे उतरलं होतं, त्यात आमच्या त्या वेगळ्या पातेल्याचा वाटा होता.

पाकिटाचा हिशेब

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते पाकिटावर तारीख लिहिण्याचं. मिठाचं नवं एक किलोचं पाकीट फोडलं आणि कॅलेंडरवर खूण केली. पंधरा दिवसांत ते संपलं. एक हजार ग्रॅमला पंधराने भागलं, मग सात माणसांनी भागलं. माणशी रोज साडेनऊ ग्रॅम! पापड, लोणचं, बाजारातला पाव आणि फरसाण याच्या वेगळं. मुलांच्या वाट्यालाही तेवढंच येत होतं.

मासळी धुवायला, कोलंबी चोळायला जे जाडं मीठ लागतं ते आम्ही आता वेगळ्या बरणीत ठेवतो, म्हणजे हिशेबात घोळ होत नाही. तुम्हीही हे करून पाहा. तोवर 'आमच्या घरात मीठ बेताचंच असतं' असं कुणी म्हणू नये. आम्हीही तेच म्हणत होतो.

सकाळची वाटी

आहारतज्ज्ञ बाईंनी एक गोष्ट बजावली होती: वेगळं पातेलं बंद करा. अब्बांचं जे माप, तेच सगळ्यांच्या हंडीचं माप. ज्याला कमी वाटेल त्याने आपल्या ताटात वरून चिमूटभर घ्यावं. वरून घातलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोडक्यात भागतं.

औषधाच्या बाटलीबरोबर पाच मिलीचा चमचा मिळतो, तोच आमचं माप. सपाट भरला की त्यात जवळपास 6 ग्रॅम मीठ मावतं. दूध, मासळी, अंडी, भाज्या यांत मुळातच थोडं सोडियम असतं, म्हणून अब्बांसाठी वरून घालायचं मीठ 3 ग्रॅम धरलं, म्हणजे अर्धा चमचा. सात माणसांचे झाले साडेतीन चमचे. रोज फजरनंतर अम्मी साडेतीन चमचे मीठ एका वाटीत काढून ठेवतात. अर्धा चमचा न्याहारीला, दीड दुपारला, दीड रात्रीला. वाटी संपली की त्या दिवसाचं मीठ संपलं. मोठा डबा फडताळात वर गेला.

अम्मींनी चाळीस वर्षं हाताच्या अंदाजाने मीठ घातलं. चमचा हातात घ्यायला त्यांना जड गेलं. "माझ्या हाताला आता माप लावणार तुम्ही?" असं म्हणून दोन दिवस त्या चुलीकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही वाटीचं काम त्यांच्याकडेच सोपवलं. आता त्यांच्या परवानगीशिवाय घरात मिठाला कुणी हात लावत नाही.

सर्वांत सोपी बचत भातात आणि भाकरीत झाली. तांदळाच्या भाकरीची उकड काढताना पाण्यात मीठ टाकायची आमची रीत होती, ती सोडली. भातातलंही बंद केलं. दोन्ही सालनाबरोबरच खायचे असतात, चौथ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. घावण्यांत मात्र चिमूटभर घालतो.

लपलेलं मीठ

वाटीतलं मीठ दिसतं. न दिसणाऱ्याने आम्हाला जास्त फसवलं.

खाण्याचा सोडा हे सोडियमच आहे. एका चमच्यात 1200 मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. भजी, ढोकळा, बिस्किटं, केक, सगळ्यांत तो असतो. पाण्यात फसफसणारी पित्तावरची पावडर घेतानाही हे लक्षात ठेवा.

तयार आलं-लसूण पेस्ट टिकावी म्हणून तिच्यात मीठ असतं. बिर्याणीच्या तयार मसाल्यांत, सूपच्या पाकिटांत, नूडल्सच्या पुडीत, सॉसमध्ये भरपूर असतं. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. शंभर ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर त्यात 2 ग्रॅम मीठ आहे.

आपल्या कोकणातली एक गोष्ट तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. सोलकढीसाठी जे आगळ बाटलीत भरून ठेवतो, ते मिठावरच टिकतं. आमसुलंही पुष्कळदा मीठ लावून वाळवलेली असतात. आंबोशीचं तसंच. आम्ही आता मे महिन्यात कोकमाची सालं मीठ न लावता कडक उन्हात वाळवतो आणि हवाबंद बरणीत ठेवतो. विकतची आमसुलं असतील तर आधी धुऊन, चाखून मगच वापरतो.

सैंधव आणि काळं मीठ 'चालतं' असं पुष्कळ जण सांगतात. नाव वेगळं असलं तरी तेही मीठच, त्यातही मुख्यतः सोडियमच असतं. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं असेलच असं नाही.

अब्बा चुलीपाशी आले

इथवरचा हिशेब आमचा. चव मात्र परत आणली ती अब्बांनी.

अब्बांनी पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर भांडारी म्हणून काम केलं आहे. तीस-चाळीस खलाशांचं जेवण ते एकट्याने बनवायचे. निवृत्त झाल्यावर चूल बायकांची म्हणून ते लांब राहिले. त्या सप्टेंबरात, एका दुपारी एकत्र बसून जेवताना, ते पहिल्यांदा सुन्नत मोडल्यासारखं चाचरत बोलले, "नाव ठेवत नाही, पण हा कांदा कच्चा आहे. मीठ कमी असलं की कांदा जास्त परतावा लागतो."

दुसऱ्या दिवशी ते खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले. त्यांनी त्या आठवड्यात जे शिकवलं ते असं:

आंबट आधी, मीठ शेवटी. कैरी, चिंच, कोकम, बिंबली, लिंबू यांपैकी काहीतरी सालनात पडलं, मुरलं, की मग चाखायचं. आंबटपणामुळे थोडं मीठही जास्त भासतं. आधी मीठ घालून मग आंबट घातलं तर खारट होतं आणि हातचं मीठ वाया जातं.

कांदा बदामी नको, चांगला तांबूस हवा. धणे, जिरे, बडीशेप, सुकं खोबरं मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं आणि त्याच दिवशी वाटायचं. भाजलेल्या वासाने अर्धी चव येते.

लसूण दोनदा: एकदा वाटणात, एकदा उतरवताना ठेचून, वरून फोडणीत.

तिखट मात्र वाढवायचं नाही. मीठ कमी म्हणून मिरची जास्त घातली की पाणी जास्त प्यायलं जातं, आणि अब्बांचं पाणीही मोजलेलं आहे. ज्यांच्या डॉक्टरांनी पाण्याचं माप दिलं असेल त्यांनी रस्सा, चहा, पेज, सरबतही त्यातच धरावं.

आमच्या घरचे तीन पदार्थ

*बांगड्याचं तिरफळ घातलेलं सालन.* सात बांगड्यांचे तुकडे करून हळद आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून ठेवा, मीठ लावू नका. एक वाटी ओलं खोबरं, सात-आठ बेडगी मिरच्या, एक चमचा धणे, सहा पाकळ्या लसूण बारीक वाटा. दहा तिरफळं पाण्यात भिजवून, बिया काढून, नुसती चेचून घ्या. तिरफळं वाटणात टाकली तर कडवटपणा उतरतो. वाटणाला पाणी घालून उकळी आणा, त्यात एका कैरीच्या फोडी आणि तिरफळं टाका. कैरी मऊ झाली की बांगडे सोडा. सात-आठ मिनिटांनी चाखून शेवटी पाऊण चमचा मीठ. झाकून अर्धा तास तसंच ठेवलं की चव उतरते. खोबऱ्यात चरबी असते, म्हणून हे सालन आठवड्यातून दोनदाच. इतर दिवशी खोबऱ्याऐवजी कांदा-टोमॅटोचं वाटण.

*कुळथाची पिठी.* चार चमचे कुळथाचं पीठ थंड पाण्यात कालवून ठेवा. थोड्या तेलात दहा पाकळ्या ठेचलेला लसूण लाल होईपर्यंत परता, मग चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या, हळद. कोकमाची तीन सालं आणि पाणी घालून उकळा. पीठ ओतून ढवळत राहा, गुठळ्या होऊ देऊ नका. शेवटी अर्धा चमचा मीठ आणि मूठभर कोथिंबीर. पावसाच्या रात्री गरम भाताबरोबर ही पिठी असली की अब्बा आणखी भात मागतात.

*कोंबडीचं हिरवं सुकं.* दीड किलो कोंबडी, कातडं काढून. एक वाटी घरचं दही, घरी वाटलेलं आलं-लसूण दोन चमचे, मूठभर पुदिना, मूठभर कोथिंबीर आणि पाच हिरव्या मिरच्यांचं वाटण लावून दोन तास मुरवा. तीन मोठे कांदे उभे चिरून तांबूस तळा, अर्धे बाजूला काढा. उरलेल्यात कोंबडी घालून झाकणावर पाणी ठेवून शिजवा. दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, अर्धा चमचा बडीशेप, चार लवंगा, दहा मिऱ्या, दालचिनीचा तुकडा भाजून पूड करा आणि शेवटी घाला. सव्वा चमचा मीठ, लिंबू पिळून, वरून बाकीचा कांदा. हे ईदलाही करतो, मेहमानांना अजून तरी फरक कळलेला नाही.

लोणच्याच्या जागी रोज ताजी कोशिंबीर: किसलेली कैरी, कांदा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडा गूळ, चिमूटभर मिरची. यात मीठ नसल्याने ती टिकत नाही, त्याच दिवशी संपवावी. लोणचं वर्षभर टिकतं ते मिठाच्या जोरावर, हे यावरून लक्षात येईल.

सुकी मासळी सोडायची का?

आपल्याकडे खरा पेच इथेच असतो. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिकी मासेमारी बंद असते. ओली मासळी बाजारात येत नाही आणि आगोटीची बेगमी म्हणून भरलेले डबे उघडतात. अब्बांचा आजार दोन्ही वेळा पावसातच उफाळला, हा योगायोग नसावा असं आम्हाला वाटतं.

सगळी सुकी मासळी सारखी नसते. खारा बांगडा, खारवलेली सुरमई मिठात मुरवून वाळवलेली असते. कितीही धुतली तरी तिच्यातलं मीठ पुरतं जात नाही. ती घरात आणणंच आम्ही सोडलं. बोंबील आणि जवळा मात्र बहुधा मीठ न लावता उन्हात वाळवतात. त्यांतही समुद्राचा खारेपणा असतोच आणि वाळल्याने तो दाट होतो. म्हणून घेताना विचारून घ्यायचं, कोमट पाण्यात दोन-तीनदा भिजवून पाणी फेकायचं आणि मगच शिजवायचं.

डॉक्टरांना विचारून आम्ही पंधरवड्यातून एकदा दोन बोंबील अब्बांना देतो, कांदा आणि कैरीबरोबर, वरून मिठाचा कणही न घालता. ज्या दिवशी पहिल्यांदा ते ताटात वाढले, त्या दिवशी अब्बा बराच वेळ ताटाकडे बघत बसले होते.

बाकी पावसाळा टाकळा, भारंगी, कुर्डू, अळू या भाज्यांवर, चवळी, कडवे वाल आणि मटकीवर, अंड्यांवर निघतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे मिळाले तर घरात सणच. कोलंबी, खेकडे, कालवं यांत मुळातच माशांपेक्षा जास्त सोडियम असतं, ते थोडंच खावं.

'कमी सोडियमचं' मीठ: सांभाळून

बाजारात हल्ली कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. 2021 साली चीनमधल्या सहाशे गावांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा वय आणि रक्तदाब दोन्ही जास्त असलेल्या लोकांनी असं मीठ वापरल्यावर पक्षाघाताचं प्रमाण घटलं. धडधाकट माणसांसाठी ते चांगलं असू शकतं.

पण हृदयाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढवतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर ते बाहेरही पडत नाही. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावर बेतू शकतं. कुवेतहून थोरलीच्या नवऱ्याने प्रेमाने असं मीठ पाठवलं होतं. डॉक्टरांनी अब्बांच्या गोळ्या बघून ते नको म्हणून सांगितलं. आजाऱ्याला भेटायला येणारे शहाळी आणतात, त्यांतही पोटॅशियम पुष्कळ असतं. शहाळं रोज द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. आणलेलं मुलांना द्यावं, आणणाऱ्याचं मन मोडू नये.

अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या शरीरात पाणी साठवतात.

रमजान, ईद आणि दावत

अब्बांना रोजे सोडावे लागले, याचं दुःख त्यांना मिठापेक्षा जास्त झालं. आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे आणि फिदियाची वाट ठेवली आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी मन मानत नव्हतं. आम्ही एवढंच केलं, की दुपारचं त्यांचं जेवण हलकं ठेवलं आणि मगरीबच्या अजानला सगळ्यांबरोबर त्यांच्यापुढेही खजूर ठेवला. इफ्तारला भजी-समोसे आठवड्यातून एकदाच. एरवी फळं, मोड आलेले मूग, घरचं दही, भाजलेली कोंबडी. मुलांनी पहिले चार दिवस तोंड वाकडं केलं, पाचव्या दिवसापासून खाऊ लागली.

शीरखुर्म्याला मीठ लागतच नाही. बकरी ईदचं ताजं मटण घरात शिजतं, त्यामुळे मीठ आपल्या हातात असतं. चरबी काढून, वाटा बेताचा.

लग्नाच्या दावतीला न जाणं हा उपाय आम्हाला पटला नाही. यजमानांच्या घरच्यांना आधी सांगून ठेवतो. अब्बा साधा भात, कांदा-काकडी आणि रश्श्यातून काढलेले बोटीचे दोन तुकडे घेतात. बरंचसं मीठ रश्श्यात उतरलेलं असतं. त्या दिवशी घरचं दुसरं जेवण बिनमिठाचं.

तराजू काय सांगतो

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीच्या आधी अब्बा वजन करतात आणि नातू ते वहीत लिहितो. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. सूज किंवा दम दिसायच्या आधी तराजू सांगतो. असं झालं की लगेच डॉक्टरांना कळवायचं. गेल्या वर्षी एकदा असं झालं. फोनवर विचारून गोळी बदलली आणि दाखल व्हायची वेळ आली नाही.

मिठाचं पाकीट आता पाच आठवडे पुरतं. माणशी साधारण 4 ग्रॅम. पहिला महिना सगळ्यांनाच जड गेला. दीड-दोन महिन्यांनी जीभ वळली, आता बाहेरचं खारट लागतं. अम्मींचा रक्तदाब वाढलेलाच असायचा, तोही उतरला. धाकटीच्या नवऱ्याने दुकानात चिवड्याची पाकिटं अजून ठेवली आहेत, पण घरी आणत नाही. फिनलंडच्या उत्तर करेलिया भागात हृदयविकाराने फार माणसं दगावत होती, तिथे 1972 पासून घराघरांतल्या स्वयंपाकात बदल घडवून ते प्रमाण खाली आणलं गेलं. आमच्या एका घरातही थोडंफार तेच झालं.

भगिनींनो, तुमच्या घरात असं कुणी असेल तर दोन गोष्टी आजच करा. पाकिटावर तारीख लिहा. आणि त्यांचं पातेलं वेगळं असेल तर ते उचलून ठेवा. अळणी जेवण एक वेळ सोसतं, एकट्याने जेवणं सोसत नाही. आम्हाला हे उशिरा कळलं.

परवा अब्बांनी सालन चाखलं आणि म्हणाले, "आज मीठ जरा जास्तच झालंय." अम्मी वाटी दाखवत म्हणाल्या, तेवढंच आहे. मग दोघंही हसले.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांची खिदमत करणाऱ्यांना सब्र देवो. आमीन.